गुबगुबीत अक्षराचं पोट

शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी आमच्या गल्लीतल्या बालवाडीची पाटी मी करून दिली. सहा फूट बाय दोन फूट, पिवळ्या ग्राउंडवर लाल अक्षरं. बाईंना अक्षर ‘जाड, गोलमटोल, पोरांना आवडेल असं’ हवं होतं. वेळ कमी होता. नेहमीच्या वापरातला एक सडपातळ फॉन्ट घेतला, बोल्डचं बटण दाबलं, तरी पुरेसं जाड वाटेना म्हणून त्याच लाल रंगाची आउटलाइन चढवली आणि फाइल फ्लेक्सवाल्याकडे पाठवून दिली. पाटी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंचा फोन आला, “अगं, समोरच्या दुकानातले काका विचारतायत, वालवाडी म्हणजे काय?”

जाऊन पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे उभं राहिलं की खरोखरच ‘वालवाडी’ दिसत होतं. ब च्या पोटात एक तिरकी रेघ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक फटी. आउटलाइननं त्या फटी बुजवून टाकल्या होत्या. शेजारच्या व चं पोटही जेमतेम उरलं होतं. जवळून फरक कळत होता, पण दुरून दोन्ही अक्षरं सारखीच. आणि पाटी तर दुरूनच वाचायची असते.

ती पाटी मी उतरवून घेतली आणि नवी केली. त्या निमित्तानं जाड, गोल, खेळकर अक्षर म्हणजे नेमकं काय, ते कसं घडतं आणि कुठे शोभतं, हे नीट समजून घेतलं. ते इथे सांगते. उदाहरणाला घेतलाय ‘बालू’ हा फॉन्ट, कारण तो आपल्या मुंबईत घडलेला आहे, फुकट मिळतो आणि तुम्ही तो नक्की कुठे ना कुठे पाहिलेला आहे.

आधी त्या बोल्डच्या बटणाविषयी. फॉन्टमध्ये खरोखरची जाड आवृत्ती नसेल तर कॉम्प्युटर स्वतःच ती बनवतो. म्हणजे काय करतो, तर प्रत्येक रेघेला दोन्ही बाजूंनी सारखीच सूज आणतो. अर्धी सूज बाहेर जाते, अर्धी आत. बाहेर मोकळी जागा असते, तिथे काही बिघडत नाही. आत मात्र आधीच दाटी असते. अक्षर आपण काळ्या रेघांनी ओळखतो असं वाटतं, पण डोळा तितकंच लक्ष रेघांमधल्या पांढऱ्या जागेकडे देत असतो. ती जागा, म्हणजे अक्षराचं पोट, बुजली की अक्षर आंधळं होतं.

देवनागरीला हा धोका जास्तच आहे. आपल्याकडे अक्षरांच्या जोड्याच्या जोड्या अशा आहेत, की त्यांच्यातला फरक एखाद्या बारीक रेघेचा किंवा फटीचा. व आणि ब, तसेच प आणि ष: पोटात तिरकी रेघ आहे की नाही, एवढंच. म आणि भ, घ आणि ध, य आणि थ: इथे फरक डोक्यावर. भ, ध आणि थ यांची शिरोरेषा सुरुवातीला तुटलेली असते आणि त्या खिंडीत एक छोटीशी गाठ बसलेली असते. सूज आली की खिंड बुजते, भात चा मात होतो, धार ची घार होते. आणि शेजारशेजारच्या अक्षरांचं काय? पाकिटावर जाड, दाटीच्या अक्षरात ‘रवा लाडू’ लिहून पाहा. र चा पाय पुढच्या व ला टेकला की ते ‘खा लाडू’ होतं.

म्हणून जाड अक्षर हे बारीक अक्षराला फुगवून मिळत नाही. ते पहिल्यापासून जाड म्हणूनच काढावं लागतं.

कसं, ते ‘इ’ घेऊन बघू या. कागदावर एक मोठा इ काढा आणि मधोमध वरून खाली सुरीनं काप घेतलाय असं समजा. सुरी कशाकशातून जाईल? शिरोरेषा, वरच्या वळणाची पाठ, मधली कंबर, खालच्या वळणाचा तळ आणि मग शेपटी. साधारण पाच काळे थर, आणि त्यांच्यामध्ये चार फटी. आता समजा अक्षराची सगळी उंची १० मिलिमीटर आहे. प्रत्येक थर २ मिलिमीटर जाड केला, तर पाच दुणे दहा, उंची संपली, फटीला शून्य उरलं. थर १.२ मिलिमीटर केला तर सहा मिलिमीटर काळ्यात जातात आणि उरलेल्या चारात चार फटी एकेक मिलिमीटरच्या बसतात. पण शेजारी ‘ग’ असेल तर? ग च्या अंगात असे थरच नाहीत. एक काना, एक वाकडा पाय, आणि सभोवती भरपूर मोकळं रान. त्याचा काना २.५ मिलिमीटर केला तरी त्याला काही होत नाही.

म्हणजे एकाच फॉन्टमध्ये, एकाच जाडीच्या नावाखाली, इ च्या रेघा बारीक आणि ग च्या रेघा जाड. आणि तरीही शब्द वाचताना दोन्ही सारखेच काळे दिसले पाहिजेत. अक्षरकाराचं खरं कौशल्य इथे लागतं. तुम्हाला सगळ्या रेघा एकसारख्या वाटतात, याचाच अर्थ कुणीतरी प्रत्येक अक्षरात वेगळा हिशेब केलेला आहे.

हिशेब आडव्या आणि उभ्याचाही असतो. अक्षर रुंद करायला मुभा असते, उंच करायला नाही. कारण वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा द्यायची आणि खाली उकार, ऋकार, पायमोडके र. तेव्हा जाडी काढायची ती रुंदीतून. म्हणून गुबगुबीत देवनागरीत काने भरभक्कम असतात, शिरोरेषा मात्र त्यांच्यापेक्षा बारीक. शिरोरेषा कान्याइतकीच जाड केली तर अख्खा शब्द लोखंडी कांबेला टांगल्यासारखा दिसतो. शिवाय आडवी रेघ डोळ्याला मुळातच उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, त्यामुळे मोजून सारखी ठेवली तर डोळ्याला ती सारखी वाटत नाही.

तिसरी जागा म्हणजे सांधे. क चं पोट कान्याला जिथे मिळतं, तिथे दोन जाड रेघा एकमेकींत घुसतात आणि काळा गोळा तयार होतो. तो गोळा टाळण्यासाठी रेघ सांध्याकडे येता येता निमुळती करतात. छपाईच्या जगात ही काळजी जुनी आहे. १९७८ साली अक्षरकार मॅथ्यू कार्टर यांनी अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी ‘बेल सेंटेनिअल’ हा फॉन्ट घडवला, तेव्हा अक्षरांच्या सांध्यांमध्ये मुद्दाम खाचा ठेवल्या. स्वस्त कागदावर शाई पसरणारच, मग ती त्या खाचांमध्ये पसरू दे, असा विचार. गुबगुबीत अक्षरात खाच अशी उघड दिसत नाही, पण तत्त्व तेच.

आता बालू. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटानं तो केला आणि २०१६ साली गूगल फॉन्ट्सवर तो सगळ्यांना खुला झाला. सारंग कुलकर्णी, नूपुर दात्ये, गिरीश दळवी ही या गटातली नावं अक्षरांच्या जगात परिचयाची आहेत. वर्तमानपत्राच्या मजकुरासारख्या कामाला चालणारा ‘मुक्ता’ हा फॉन्टही याच गटाचा. बालूचं नाव घेतलं की हिंदीतला भालू आठवतो, आणि अक्षरही तसंच: अंगानं भारदस्त, चालीनं आरामशीर, कडा मऊ. रोमन लिपीतल्या बालूची एक खूण सांगते. साधारणपणे छोट्या एन किंवा आर या अक्षरात उभी काठी वळणाच्या जरा वर डोकावते, तिथे एक छोटंसं टोक दिसतं. बालूत ते टोक काढून टाकलेलं आहे. काठीतून वळण सरळ वाहत निघतं, मातीचा गोळा बोटानं वळवावा तसं.

बालूची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचं घराणं. देवनागरीखेरीज गुजराती, बंगाली, गुरुमुखी, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या लिप्या, आणि उर्दूसाठी अरबी लिपीसुद्धा. प्रत्येक लिपीच्या बालूला त्या भाषेतल्या भावाचं नाव दिलंय. गुजराती तो बालू भाई, बंगाली बालू दा, पंजाबी बालू पाजी, ओडिया बालू भैना, मल्याळी बालू चेट्टन. तमिळ बालू तंबी, तेलुगू बालू तम्मुडू, कन्नड बालू तम्मा, हे तिघे धाकटे भाऊ. उर्दूचा बालू भाईजान. देवनागरीचा तेवढा नुसताच बालू. आपल्याकडे त्याला बालूदादा म्हणायला कुणाची हरकत नसावी.

नावं गोड आहेत, पण त्यामागचं काम अवघड आहे. तमिळला शिरोरेषा नाही. कन्नड आणि तेलुगूत अक्षर मुळातच गोल, डोक्यावर तलकट्टू नावाची छोटीशी खूण. बंगालीत टोकदार त्रिकोण. या सगळ्यांना ‘एकाच घरातले’ दिसायला लावायचं, पण एकाचा सदरा दुसऱ्याला घालायचा नाही. काही गोल फॉन्टांत मी हा सदरा सरळ चढवलेला पाहिला आहे: रोमन ओ चं कंपासनं काढलेलं वर्तुळ उचलून व, ब आणि क च्या पोटाला चिकटवायचं. अशा अक्षरात मराठी वाचताना कुठेतरी खडा लागतो. व चं पोट वर्तुळ नसतंच. ते डावीकडे झुकलेल्या थेंबासारखं असतं, कारण बोरूनं लिहिणाऱ्या हाताची ती चाल आहे. आपला बोरू रोमनच्या उलट कापतात, त्यामुळे जाडी-बारकी पडण्याच्या दिशाही उलट. रेघ सगळीकडे जवळपास सारखी जाड ठेवलेल्या खेळकर अक्षरातही हाताची ती चाल शिल्लक राहिली तरच ते अक्षर आपलं वाटतं. बालूत ती शिल्लक आहे असं माझं मत आहे.

गोल अक्षर खेळकर का वाटतं, याचं एक उत्तर अक्षरांच्या बाहेर सापडतं. १९२९ साली वोल्फगांग कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक ढगासारखी गोलाकार, दुसरी काटेरी. दोन निरर्थक नावं दिली, ‘बलुबा’ आणि ‘ताकेते’, आणि कुठलं नाव कुणाचं ते विचारलं. लोक गोल आकृतीला बलुबा म्हणत. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी असाच प्रयोग मांडला, तेव्हा अमेरिकेतले विद्यार्थी आणि भारतातले तमिळ बोलणारे लोक यांनी सारखाच कौल दिला. आकार आणि आवाज यांची कुठेतरी आत गाठ आहे. आपल्याच भाषेत बघा ना, लाडू, गुबगुबीत, भोपळा म्हणताना ओठ गोल होतात. टोक, काटा, तिखट म्हणताना जीभ टाळ्यावर आपटते. बलुबा आणि बालू यांचं उच्चारातलं साम्य योगायोगाचं असेल, पण शोभतं खरं.

जाड गोल अक्षराची हौस काही आजची नाही. शिकागोचे ऑस्वल्ड कूपर यांनी १९२२ साली ‘कूपर ब्लॅक’ केला. जाहिरातीच्या मथळ्यांसाठी काढलेलं ते अक्षर शंभर वर्षांनंतरही टी-शर्टांवर आणि दुकानांवर दिसतं. आपल्याकडे असं अक्षर फॉन्टमधून नव्हे, हातातून आलं. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं माझ्या आईच्या पिढीला अजून डोळ्यांसमोर दिसतात. नाटकाचं नाव वाचलं की ते गंभीर आहे की हलकंफुलकं, हे अक्षरावरूनच कळायचं. हातानं काढलेल्या शीर्षकाची एक चैन असते. एकाच नावात दोन ब आले तर एक लठ्ठ, दुसरा त्याला टेकलेला, असं करता येतं. फॉन्टमध्ये एकदा काढलेला ब सगळीकडे तोच. त्या बदल्यात फॉन्ट काय देतो, तर माझ्यासारख्या, हातात तशी कला नसलेल्या माणसालाही बालवाडीची पाटी करता येते.

आता थोडं फॉन्टच्या पोटात शिरू. आपण ‘क्ष’ टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटर साठवतो ते तीन तुकडे: क, हलन्त आणि ष. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक, म्हणजेच घरं, देणारी सामायिक पद्धत. देवनागरीसाठी तिनं १२८ घरांचा एक पट्टा ठेवलाय, त्यात क्ष ला स्वतंत्र घर नाही. तीन तुकडे लागोपाठ आले की क्ष चं चित्र दाखवायचं, हा नियम फॉन्टमध्ये लिहिलेला असतो. अशी शेकडो चित्रं अक्षरकाराला काढावी लागतात. ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना अक्षराच्या नंतर येते, दिसते मात्र आधी. आणि ‘कि’ची वेलांटी ‘ष्टि’ला पुरत नाही, तिला लांब हात लागतो. जाड फॉन्टमध्ये तो हात चुकीच्या जागी संपला तर लगेच डोळ्यात येतं.

‘महाराष्ट्र’ हा शब्द तर परीक्षाच. आपल्या प्रत्येक दुसऱ्या फलकावर तो असतो. अर्धा ष, त्याच्या पोटातली तिरकी रेघ, मग ट, आणि ट च्या खाली र चं छोटं छप्पर. तिथे जाडीला जागा नसते. वाईट फॉन्टमध्ये ट चं पोट आणि ते छप्पर मिळून एक डाग होतो.

दुसरी परीक्षा खास मराठीची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात डोक्यावर रफार, दुसऱ्यात य च्या आधी तो भुवईसारखा आडवा र. हिंदीला ही भुवई लागत नाही, म्हणून मराठी डोळ्यासमोर न ठेवता केलेल्या फॉन्टात ती कधी नसते, कधी केसाएवढी बारीक असते. जाड अक्षरांच्या मध्ये बारीक भुवई आली तर दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणल्यासारखी वाटते. तसंच ल आणि श चं. मराठीतला पाकळ्यांचा ल आणि देठाचा श २००९ च्या शासन निर्णयानं प्रमाण मानले आहेत, हिंदीत ते वेगळ्या वळणाचे. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. वेबपेजवर किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की मराठी रूप येतं. भाषा निवडायची राहून जाते आणि आपण फॉन्टला बोल लावतो, असं अनेकदा घडतं.

हे सगळं युनिकोड फॉन्टचं. जुन्या डीटीपीच्या फॉन्टांमध्ये प्रत्येक कंपनीनं आपापली घरं ठरवली होती. एकात ब असेल तिथे दुसऱ्यात वेलांटी. त्या काळात ऐटबाज जाड अक्षरं भरपूर होती, पण फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मजकुराचा चिवडा व्हायचा. बालूसारख्या फॉन्टमुळे शीर्षकाचं देखणं अक्षर आणि शोधता येणारा, कॉपी करता येणारा मजकूर या दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच सहज एकत्र मिळू लागल्या. मला हा फायदा दिसण्यापेक्षाही मोठा वाटतो.

वापरावं कुठे? लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, खेळण्याचा खोका, चिवड्याचं पाकीट, आइस्क्रीमची गाडी, स्नेहसंमेलनाचा बॅनर, व्हिडिओवरचा मथळा, मुलांच्या ॲपमधलं बटण. थोडक्यात, जिथे चार-पाच शब्द मोठ्या आकारात आणि हसऱ्या आवाजात बोलायचे आहेत तिथे. हे मथळ्याचं अक्षर आहे, मजकुराचं नव्हे. अख्खा परिच्छेद जाड बालूत लावला तर प्रत्येक शब्द ओरडायला लागतो आणि तिसऱ्या ओळीत डोळा दमतो. मजकुराला मुक्तासारखं साधं अक्षर घ्या. दोन्ही एकाच घरातले असल्यानं जमतंही चांगलं. पहिल्या बालूला एकच जाडी होती. नंतरच्या ‘बालू २’मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या आहेत, त्यामुळे शीर्षकाखालची छोटी ओळ त्याच फॉन्टच्या हलक्या जाडीत बसवता येते. आता बोल्डचं बटण दाबायची गरजच नाही, खरोखरचा बोल्ड हजर आहे.

शोकसंदेश, कोर्टाची नोटीस, औषधाची मात्रा, परीक्षेचं वेळापत्रक इथे तो लावू नये. अक्षराला आवाज असतो, आणि दुःखाच्या बातमीला हसरा आवाज लागला तर वाचणाऱ्याला ते लागतं. एका ओळखीच्या घरच्या श्रद्धांजलीच्या फलकावर गोलमटोल रंगीत अक्षरं पाहिली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

पाट्या करणाऱ्यांसाठी काही गोष्टी मी चुकून शिकलेय. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नये. इंग्रजी नाव ऐसपैस करायला अक्षरं लांब लांब ठेवतात, ते मराठीत केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात दिसतात. शब्द मोठा हवा तर आकार वाढवा. आउटलाइन द्यायचीच असेल तर ती अक्षराच्या बाहेर, वेगळ्या रंगात आणि अक्षराच्या मागे ठेवा, म्हणजे पोट शाबूत राहतं. गडद रंगावर पांढरं अक्षर असेल तर एक पायरी कमी जाडी घ्या, कारण उजळ रंग डोळ्याला पसरलेला दिसतो. आणि रेडियम कटिंगला, म्हणजे स्टिकर कापायला, फाइल देताना आधी अक्षरं वेल्ड करून, म्हणजे एकमेकांत जोडून सलग करून, घ्या. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजाऱ्याच्या अंगावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते, पण कटर मात्र प्रत्येक अक्षराची स्वतंत्र रेघ कापत जातो, आणि स्टिकर उचलताना शिरोरेषेचे बारीक तुकडे हातात येतात. पन्नास रिक्षांच्या स्टिकरांचं काम मला याच एका कारणानं पुन्हा करावं लागलं होतं.

दोन लिप्यांच्या पाटीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न आता प्रत्येक दुकानदाराचा आहे. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. आता सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ओळींना सारखाच आकडा दिला, तरी मराठी ओळ बहुतेक वेळा लहान दिसते. त्या आकड्यात देवनागरीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांचीही सोय करायची असते, म्हणून मुख्य अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. रोमनच्या कॅपिटल अक्षरांना ही अडचण नाही. एकाच कुटुंबातल्या दोन लिप्या घेतल्या तर दोन्हींची उंची आणि काळेपणा अक्षरकारानं आधीच एकमेकांशी जुळवलेला असतो. तरी डोळ्यानं तपासा आणि मराठी ओळ आकड्यानं थोडी मोठीच ठेवा. मुंबईत मराठी-गुजराती, बेळगावात मराठी-कन्नड पाटी करताना बालू आणि त्याचा तिथला भाऊ शेजारी उभे करता येतात, दोघांचा आवाज एकच राहतो. पूर्वी हे जमवायला मी तासन्‌तास घालवत असे.

परवान्याचं सोपं आहे. बालू ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली दिलेला आहे. धंद्याच्या कामाला वापरा, पुस्तकात छापा, ॲपमध्ये घाला, पैसे लागत नाहीत. त्यात बदल करून नवा फॉन्टही करता येतो, मात्र तो त्याच परवान्याखाली ठेवावा लागतो. नुसती फॉन्टची फाइल विकायला परवानगी नाही. त्यावर केलेलं आपलं काम अर्थातच विकता येतं.

बालवाडीची नवी पाटी बालूतच केली. फ्लेक्सला पाठवण्याआधी शब्द ए-फोर कागदावर छापला, घरासमोरच्या भिंतीला चिकटवला आणि तीस पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहिला. ब चं पोट तिथूनही उघडं दिसत होतं. बाईंनी खाली आणखी एक ओळ सांगितली होती, ‘वेळ सकाळी ९ ते १२’, ती हलक्या जाडीत बसवली.

तेव्हापासून कुठलाही जाड फॉन्ट हाती आला की कामाला घेण्याआधी मी त्यात एक ठरलेली ओळ टाइप करते आणि हाच भिंतीचा प्रयोग करते. ओळ अशी: बाबा, भाऊ, धबधबा, घंटा, थवा, षट्कोन, रवा, इंद्रधनुष्य, दऱ्या, शाळा, ल, महाराष्ट्र.